पेमेंट हिरवे, ऑर्डर लाल आणि मधला बाण गायब: सर्व्हिस मॅप ऐन गर्दीत का फसवतो

खराडीतून आमचा संघ जी ऑर्डर-यंत्रणा चालवतो, तिच्यावर पुण्यातील मिठाई आणि फराळाची काही दुकाने अवलंबून आहेत. एरवी तिच्याकडे फारसे लक्ष द्यावे लागत नाही. मात्र गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मोदकांच्या आणि दिवाळीच्या आधी फराळाच्या ऑर्डरींचा लोंढा सुरू झाला, की सर्व्हिस मॅपवर, म्हणजे यंत्रणेचा कोणता स्वतंत्र भाग (सर्व्हिस) कोणाला कॉल करतो हे वर्तुळांनी आणि बाणांनी दाखवणाऱ्या नकाशावर, हमखास एकच चित्र दिसू लागते: ऑर्डर सर्व्हिसचे वर्तुळ लाल, पेमेंट सर्व्हिसचे हिरवेगार, आणि या दोघांमधला एरवी सर्वांत जाड असणारा बाण काडीसारखा बारीक झालेला किंवा मुळीच नाही. ऑन-कॉलवरचा, म्हणजे बिघाड सांभाळण्याची पाळी असलेला मुलगा ग्रुपवर विचारतो, "पेमेंट तर हिरवं आहे आणि ऑर्डर त्याला कॉलच करत नाहीये. ऑर्डरचे पॉड रीस्टार्ट करू का, ताई?" पॉड म्हणजे सर्व्हिसच्या चालू प्रती. त्या रीस्टार्ट केल्यावर तुंबलेल्या विनंत्या टाकून दिल्या जातात, अडकलेली कनेक्शन मोकळी होतात, थोडा वेळ बरे वाटते आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

त्या मुलाचा तर्क नकाशाला धरूनच आहे. गफलत नकाशा कशावरून काढला जातो हे लक्षात न घेण्यात आहे. सर्व्हिस मॅप काढला जातो तो यंत्रणेकडून वेळेत पोचलेल्या नोंदींवरून, आणि नेमका आजारी दुवाच आपल्या नोंदी उशिरा पाठवतो. त्यामुळे ज्या बाणाकडे सर्वांत आधी पाहायला हवे, तोच सर्वांत आधी पुसला जातो.

बाण कसा काढला जातो

एका सर्व्हिसने दुसरीला कॉल केला, की दोन स्पॅन, म्हणजे काम कधी सुरू झाले आणि कधी संपले याच्या नोंदी, तयार होतात. कॉल करणाऱ्याकडे क्लायंट स्पॅन आणि उत्तर देणाऱ्याकडे सर्व्हर स्पॅन. दोघांचा ट्रेस आयडी, म्हणजे त्या विनंतीच्या संपूर्ण प्रवासाची (ट्रेसची) ओळख, एकच असतो आणि सर्व्हर स्पॅनच्या पालक-आयडीच्या जागी क्लायंट स्पॅनचा आयडी लिहिलेला असतो. ओपनटेलिमेट्री या ट्रेसिंगच्या साधनसंचातील कलेक्टरमधला (स्पॅन गोळा करून पुढे पाठवणाऱ्या प्रोग्राममधला) सर्व्हिस ग्राफ कनेक्टर किंवा ट्रेस साठवणाऱ्या ग्राफाना टेम्पोमधील मेट्रिक्स जनरेटर या दोन नोंदी जुळवतो. जमाखर्चात जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू जुळल्या तरच व्यवहार पक्का धरावा, तसाच हा प्रकार आहे. जोडी जुळली तर बाणाच्या मोजणीत एकाची भर पडते. एकच बाजू आली, तर ती तात्पुरत्या साठ्यात जोडीदाराची वाट पाहत थांबते आणि ठरलेली मुदत संपली की बिनजोडीची म्हणून निकालात निघते.

ही मुदत किती असते, हे फार थोडे लोक पाहतात. टेम्पोमध्ये ती मुळात १० सेकंदांची आहे, तर कलेक्टरच्या कनेक्टरमध्ये केवळ २ सेकंदांची. आता दुसऱ्या टोकाचा हिशेब पाहा. सर्व्हिसच्या आत स्पॅन तयार करणाऱ्या ओपनटेलिमेट्री एसडीकेचा (लायब्ररीचा) बॅच प्रोसेसर स्पॅन लगेच पाठवत नाही. ५१२ स्पॅन जमा होईपर्यंत किंवा ५ सेकंद उलटेपर्यंत तो थांबतो. याचा अर्थ असा, की दोन सर्व्हिस उत्तम चालू असल्या, तरी एकीचा स्पॅन तत्काळ निघाला आणि दुसरीचा जवळपास ५ सेकंद बॅचमध्ये पडून राहिला, तर २ सेकंदांच्या मुदतीत ती जोडी जुळणार नाही. पहाटे रहदारी कमी असताना बॅच भरत नाही आणि पूर्ण ५ सेकंद घेते, म्हणून काही संघांना बाण रात्री बारीक होताना दिसतात आणि सकाळी दहाला आपोआप सुधारतात. हा यंत्रणेचा आजार नाही. मुदत बॅचच्या विलंबापेक्षा स्पष्टपणे मोठी ठेवली, की तो संपतो.

संध्याकाळची तक्रार मात्र याहून वेगळी आहे आणि तिच्यात खरा आजार दडलेला आहे.

एका ऑर्डरचा ट्रेस जवळून

अशा संध्याकाळी पडलेली कोणतीही एक ऑर्डर घ्यावी. समजा कोथरूडमधील ग्राहकाने उकडीच्या मोदकांची ऑर्डर नोंदवली. ऑर्डर सर्व्हिसने पेमेंटला कॉल केला आणि ३ सेकंदांची टाइमआउट मर्यादा संपताच तिने हात वर केले; तिचा क्लायंट स्पॅन तिसऱ्या सेकंदाला त्रुटीसह बंद झाला. पेमेंट सर्व्हिसला मात्र पलीकडचा माणूस निघून गेला आहे याची गंधवार्ता नाही. तिने बँकेच्या गेटवेला विचारले, गेटवेने १८ सेकंद घेतले, पैसे कापले गेले, आणि पेमेंटचा सर्व्हर स्पॅन १९व्या सेकंदाला २०० हा यशाचा कोड घेऊन बंद झाला. स्पॅन बंद झाल्यावरच पाठवला जातो. म्हणजे क्लायंटची नोंद साठ्यात आली तिसऱ्या सेकंदाच्या आसपास आणि सर्व्हरची आली १६ सेकंदांनी. १० सेकंदांची मुदत असेल, तर तोवर पहिली नोंद बाहेर फेकली गेलेली असते. दुसरी येते, तिलाही जोडीदार सापडत नाही आणि तीही तशीच जाते. एका कॉलचे दोन बिनजोडीचे स्पॅन झाले, आणि नकाशावर शून्य भर पडली.

आता तिन्ही खुणांचा अर्थ लागतो. ऑर्डर लाल, कारण तिच्याकडून ग्राहकाला ५०० मालिकेतील त्रुटी गेल्या. पेमेंट हिरवे, कारण तिच्या दृष्टीने प्रत्येक विनंती यशस्वी झाली. तिचा रंग फक्त त्रुटींच्या प्रमाणावर ठरत होता आणि १९ सेकंद लागणे ही तिच्या लेखी त्रुटी नव्हती. बाण गायब, कारण तो दुवा मुदतीपेक्षा मंद झाला. भरीला ऑर्डर सर्व्हिस अपयशानंतर आणखी दोनदा प्रयत्न करत असेल, तर आधीच दमलेल्या पेमेंटवर एका ग्राहकामागे तीन विनंत्या जातात आणि प्रत्येक विनंतीबरोबर पुन्हा पैसे कापले जाऊ नयेत यासाठी एकाच व्यवहाराची ओळख-किल्ली पाठवली नसेल, तर दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गल्ल्यावर ग्राहकाशी होणारा संवाद ऐकवत नाही.

हे खरोखर असेच घडते आहे का, याची परीक्षा सोपी आहे. ट्रेसचा साठा आणि नकाशा या दोन वेगळ्या वाटा आहेत. साठ्याला जोडी जुळवण्याची घाई नसते. उशिरा आलेला स्पॅनही तो त्याच ट्रेसमध्ये नेऊन ठेवतो. त्यामुळे तो ट्रेस उघडला, तर दोन्ही स्पॅनच्या पट्ट्या व्यवस्थित दिसतात, आणि पेमेंटची पट्टी तिच्या पालक पट्टीच्या, म्हणजे ऑर्डरच्या पट्टीच्या, उजव्या कडेच्या बाहेर लांबवर गेलेली दिसते. अपत्य पालकापेक्षा उशिरा संपते आहे, हीच ओळखीची खूण. दोन यंत्रांची घड्याळे जुळत नसली तरीही पट्टी सरकलेली दिसू शकते, परंतु तेव्हा तिची सुरुवातही तितकीच सरकलेली असते. इथे सुरुवात जागच्या जागी असून शेवट लांबलेला असतो.

बाण हरवण्याचे तीन प्रकार

बाण हरवला म्हणजे दर वेळी हेच कारण असेल असे नाही. रीस्टार्टचा हुकूम देण्याआधी कोणता प्रकार आहे ते वेगळे करणे भाग आहे, आणि त्यासाठी नकाशावर 'यूझर' नावाचे वर्तुळ कुठे उगवले आहे ते पाहण्यासारखी दुसरी झटपट तपासणी माझ्या माहितीत नाही.

सर्व्हर स्पॅनला पालक-आयडीच नसेल, तर जुळवणारे यंत्र असे समजते की ही विनंती थेट बाहेरच्या वापरकर्त्याकडून आली, आणि 'यूझर'कडून बाण काढते. मोबाइल अॅपकडून एपीआय गेटवेला असा बाण असणे योग्य आहे. पण पेमेंट किंवा स्टॉक यांसारख्या आतल्या सर्व्हिसला 'यूझर' कॉल करतो आहे असे दिसले, तर वाटेत कोणीतरी ट्रेसचे हेडर (विनंतीसोबत जाणारी ओळखीची ओळ) गाळले आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या मानकानुसार हे हेडर म्हणजे ट्रेसपेरेंट, आणि त्याचे हायफनने जोडलेले चार तुकडे असतात: दोन अंकी आवृत्ती, ३२ हेक्स अक्षरांचा ट्रेस आयडी, १६ हेक्स अक्षरांचा पालक-आयडी आणि शेवटी दोन अक्षरी फ्लॅग, ज्यात ०१ असेल तर ट्रेस नोंदवला जातो आहे. हे मानक फेब्रुवारी २०२०मध्ये शिफारस म्हणून पक्के झाले. त्याआधी उभ्या राहिलेल्या सर्व्हिस बहुधा झिपकिन या ट्रेसिंग साधनाचे बी-थ्री हेडर किंवा जेगर या तशाच साधनाचे स्वतःचे हेडर वापरतात, आणि एक बाजू जुने हेडर पाठवते व दुसरी केवळ नवे वाचते, तेव्हा दोन्हीकडे ट्रेसिंग चालू असूनही ट्रेस मधोमध तुटतो. (बी-थ्रीमागे झिपकिनचे मूळ नाव आहे: बिगब्रदरबर्ड. नाव बदलले, हेडर मात्र राहिले.) उपाय म्हणजे स्थलांतर पूर्ण होईपर्यंत दोन्ही प्रकारची हेडर वाचणे आणि पाठवणे, आणि मोजक्याच हेडरांना वाट देणाऱ्या प्रॉक्सींच्या (मधल्या सर्व्हरांच्या) यादीत ट्रेसपेरेंटची भर घालणे.

'यूझर' कुठेही नाही, ट्रेस साठ्यात अखंड आहे, तरीही बाण नाही, असे असेल तर जोडी जुळवण्याच्या टप्प्यावर गडबड आहे. वर वर्णन केलेली मुदतीची गोष्ट हा त्याचा एक प्रकार. दुसरा प्रकार एकापेक्षा अधिक कलेक्टर चालवणाऱ्यांना हमखास भेटतो. जोडीतील दोन्ही स्पॅन एकाच कलेक्टरकडे गेले पाहिजेत. तीन कलेक्टरांमध्ये स्पॅन कसेही वाटले जात असतील, तर जोडी एकत्र येण्याची शक्यता एक-तृतीयांश उरते. प्रत्यक्षात दिसणारे चित्र याहून फसवे असते, कारण सर्व्हिसमधील कॉलसाठी वापरल्या जाणाऱ्या जीआरपीसी या पद्धतीची कनेक्शन दीर्घकाळ टिकतात आणि एक पॉड एकाच कलेक्टरला चिकटून राहतो. परिणामी काही पॉडांमधील बाण कायम दिसतात, काहींमधील कधीच दिसत नाहीत, आणि कलेक्टर किंवा पॉड रीस्टार्ट झाले की ही वाटणी बदलते. "रीस्टार्टने बाण परत आला" हा अनुभव कित्येकदा एवढ्यावरच आधारलेला असतो. यावर उपाय दोन थरांचा आहे: पहिल्या थरातील कलेक्टरांनी ट्रेस आयडी पाहून लोड-बॅलन्सिंग एक्स्पोर्टरद्वारे स्पॅन पुढे पाठवावेत आणि जोड्या दुसऱ्या थरात जुळवाव्यात.

तिसरा प्रकार म्हणजे स्पॅन पोचलेच नाहीत. एसडीकेची रांग मुळात २०४८ स्पॅनची असते. ती भरली की नवे स्पॅन मुकाट्याने टाकले जातात. जोड्या जुळवणाऱ्या साठ्यालाही मर्यादा आहे, कनेक्टरमध्ये १००० आणि टेम्पोमध्ये १०,०००. सेकंदाला ४०० कॉल होत असतील आणि प्रत्येक नोंद १० सेकंद ताटकळत राहिली, तर ४,००० जागा लागतील. एरवी जोड्या चटकन जुळून जागा रिकामी होते, म्हणून १००० पुरतात. दुवा मंदावला की त्याच जागा कमी पडतात, आणि मग पेमेंटच्या बिनजोडीच्या स्पॅनांमुळे स्टॉक आणि डिलिव्हरी यांचे निरोगी बाणही पुसले जाऊ लागतात.

या शेवटच्या दोन प्रकारांसाठी अंदाज बांधण्याची गरज नाही. जुळवणारे यंत्र स्वतःच बिनजोडीच्या आणि टाकलेल्या स्पॅनांचे मोजमाप प्रसिद्ध करते. हे दोन आकडे नकाशाच्या शेजारीच, त्याच डॅशबोर्डवर मांडावेत. बिनजोडीचा आकडा चढत असताना नकाशावरील कोणत्याही बारीक किंवा नाहीशा बाणावरून निष्कर्ष काढू नये, हा आमच्या संघाने लेखी घातलेला नियम आहे.

काय बदलावे आणि कोणत्या क्रमाने

मुदत वाढवणे हा पहिला मोह. ती वाढवावी, पण तिच्यावर विसंबू नये. संध्याकाळी १९ सेकंद लागतात म्हणून मुदत ३० सेकंद केली आणि त्यासोबत साठ्याची मर्यादा व मेमरी वाढवली, तर बाण दिसू लागेल. मात्र बाणावरील मोजणी तितकीच उशिरा येईल आणि गेटवे ४० सेकंदांवर गेला की पुन्हा तेच. त्यापेक्षा खरा दोष दुरुस्त करावा: कॉल करणारा निघून गेल्यावरही काम करत राहणारी सर्व्हिस. जीआरपीसीमध्ये कॉलची अंतिम वेळ पुढच्या सर्व्हिसला आपोआप कळवली जाते आणि ती पुढेही पोचवता येते. साध्या एचटीटीपीत तशी सोय नाही, म्हणून उरलेला वेळ सांगणारे हेडर आपणच पाठवून ते पाळावे लागते. पेमेंटसारख्या ठिकाणी मध्येच काम सोडून देणे धोक्याचे असेल, तर "स्वीकारले, निकाल नंतर कळवतो" असे उत्तर तत्काळ द्यावे आणि पुढचे काम वेगळ्या वाटेने करावे. बाहेरच्या गेटवेला कॉल करताना पेमेंटची स्वतःची टाइमआउट मर्यादा ऑर्डरच्या मर्यादेपेक्षा कमी हवी, हे सांगण्याची गरज पडू नये, तरी ती पडते. तीन सर्व्हिसच्या मर्यादा तीन वेगवेगळ्या संघांनी तीन वेगवेगळ्या वर्षी ठरवलेल्या असतात.

बँकेचा गेटवे नकाशावर दिसत नसेल, तर तो दिसायला हवा. तिथून सर्व्हर स्पॅन कधीच येणार नाही, हे उघड आहे. पण क्लायंट स्पॅनवर पीअर सर्व्हिसचे, म्हणजे जिला कॉल केला तिचे, नाव लिहिलेले असेल आणि जुळवणाऱ्या यंत्राला ते वाचायला सांगितले असेल, तर जोडी न जुळताही ते एक आभासी वर्तुळ काढते. मात्र नाव नेमके ठेवावे. पेमेंट सर्व्हिस स्वतःला एका नावाने ओळखते आणि ऑर्डर तिला पीअर म्हणून दुसऱ्याच नावाने हाक मारते, असे झाले तर मंद काळात नकाशावर दोन पेमेंट दिसतात, एक खरी हिरवी आणि एक आभासी लाल. नाव अजिबात दिले नाही, तर एसडीके 'अननोन सर्व्हिस' असे नाव लावतो, आणि त्या एका वर्तुळात पाच निरनिराळ्या सर्व्हिस कोंबलेल्या आढळतात.

रंगांबाबत

वर्तुळाचा रंग त्या सर्व्हिसच्या स्वतःच्या साक्षीवर ठरतो, आणि आजाऱ्याची साक्ष याबाबतीत फारशी कामाची नसते. रंग बाणावर चढवावा, आणि तो कॉल करणाऱ्याच्या बाजूने. सर्व्हिस ग्राफ प्रत्येक बाणासाठी क्लायंटच्या बाजूने लागलेला वेळ आणि सर्व्हरच्या बाजूने लागलेला वेळ असे दोन वेगळे हिस्टोग्राम देतो. क्लायंटचा वेळ सर्व्हरच्या वेळेपेक्षा बराच जास्त असेल तर विनंती नेटवर्कमध्ये किंवा रांगेत अडकते आहे, आणि दोन्ही एकत्र चढत असतील तर सर्व्हर किंवा त्याच्या पलीकडचे कोणीतरी मंदावले आहे. त्रुटींच्या प्रमाणाबरोबर ९५व्या शतमकाचा वेळही (ज्याच्या आत ९५ टक्के विनंत्या पूर्ण होतात तो) रंगाच्या अटीत धरला असता, तर आमचे पेमेंट पहिल्या पाच मिनिटांतच पिवळे झाले असते.

एक बारकावा नेहमी गोंधळ घालतो. ओपनटेलिमेट्रीच्या संकेतांनुसार ४०४सारखा ४०० मालिकेतील प्रतिसाद क्लायंट स्पॅनवर त्रुटी मानला जातो, सर्व्हर स्पॅनवर नाही. त्यामुळे चुकीचा कूपन कोड तपासणाऱ्या सर्व्हिसकडे जाणारा बाण लाल आणि ती सर्व्हिस हिरवी, हे चित्र बरोबर असून त्यात कोणताही बिघाड नाही.

ही मोजमापे साठवणाऱ्या प्रोमिथियसमध्ये अपयशाचा काउंटर पहिले अपयश घडेपर्यंत अस्तित्वातच नसतो. अपयश भागिले एकूण असे सूत्र लिहिले, तर त्याचे उत्तर शून्य येत नाही, काहीच येत नाही. आणि बाण पूर्ण गायब झाल्यावरही उत्तर काहीच येत नाही. निरोगी बाण आणि मेलेला बाण डॅशबोर्डवर सारखेच दिसतात. "माहिती नाही" यासाठी राखाडी रंग वेगळा ठेवावा. डॅशबोर्ड दाखवणाऱ्या ग्राफानामध्ये मुळातला आधाररंग हिरवा असतो, हे विसरू नये.

पॉड चालवणाऱ्या कुबरनेटिसचे हिरवे टिक तर या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी बनलेलेच नाहीत. लाइव्हनेस तपासणी फसली तर कंटेनर रीस्टार्ट होतो, रेडिनेस फसली तर पॉडकडे रहदारी जाणे थांबते. दोन्ही मुळात दर १० सेकंदांनी होतात, उत्तरासाठी १ सेकंद देतात आणि सलग तीन वेळा फसल्यावरच कृती करतात. हे पाहून कोणीतरी रेडिनेसमध्ये बँकेच्या गेटवेची तपासणी घालतो. तसे केल्यास गेटवे मंदावताच पेमेंटचे सगळे पॉड एकाच वेळी रहदारीतून बाहेर पडतात आणि मंद असलेली सर्व्हिस बंद पडते.

उरलेल्या दोनतीन गोष्टी

टेल सॅम्पलिंग, म्हणजे ट्रेस पूर्ण झाल्यावर तो ठेवायचा की टाकायचा हे ठरवण्याची पद्धत, वापरत असाल, तर नकाशा सॅम्पलिंगच्या आधी काढला जातो ना, हे पाहावे. मंद आणि फसलेले ट्रेस तेवढे राखून बाकीचे टाकल्यानंतर नकाशा काढला, तर रामप्रहरीही सगळे शहर जळत असल्यासारखे दिसते.

काफ्कासारख्या संदेशांच्या रांगेतून जाणारा दुवा, उदाहरणार्थ ऑर्डरकडून नोटिफिकेशनकडे, जोड्या जुळवून दाखवण्याचा आग्रह धरू नये. रांग तुंबली की संदेश वीस मिनिटांनी वाचला जाईल आणि कोणतीही मुदत त्याला पुरणार नाही. तिथे कन्झ्यूमर (संदेश वाचणारी सर्व्हिस) किती मागे आहे हाच आकडा बाणावर लिहावा.

जेगरमध्ये कॅसँड्रा किंवा इलॅस्टिकसर्च या डेटाबेसचा साठा असेल आणि अवलंबित्वाचे पान रिकामे असेल, तर बहुधा ट्रेसमधून ते अवलंबित्व काढणारे स्पार्कचे वेगळे काम चालवलेले नाही. मेमरीतील साठ्यात ते आपोआप होते, म्हणून लॅपटॉपवर दिसलेला नकाशा सर्व्हरवर दिसत नाही. ते काम यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) दिवसाप्रमाणे चालते, आणि तो दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. पहाटे पाचची घटना शोधताना आदल्या तारखेत पाहावे.

शेवटी, बाण नाहीसा होणे हाच एक अलर्ट असावा. गेल्या आठवड्यात याच तासाला ज्या बाणावरून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक कॉल गेले आणि आता एकही जात नाही, अशा बाणांची यादी प्रोमिथियसमध्ये ऑफसेट (मागची वेळ पाहणे) आणि अनलेस (एका यादीतून दुसरी वगळणे) वापरून एका प्रश्नात मिळते. तो अलर्ट बिनजोडीच्या स्पॅनांच्या आकड्यासह ऑन-कॉलकडे जावा: आकडा चढलेला असेल, तर आधी त्या दुव्याचा एक ट्रेस उघडून पट्ट्यांचे शेवट पाहावेत, आकडा स्थिर असेल आणि बाण तरीही नसेल, तर 'यूझर'चे वर्तुळ कुठे उगवले आहे ते शोधावे, आणि यांपैकी काहीच नसेल, तेव्हा मात्र ऑर्डर खरोखरच पेमेंटला कॉल करत नाही असे समजून तिचे लॉग उघडावेत.